दुसऱ्या राणीची पाच मिनिटं

आमच्या सोसायटीच्या महिला मंडळानं नवरात्रात 'थोर स्त्रिया' असा वेशभूषेचा कार्यक्रम ठरवला, तेव्हा नाव देताना मी सांगितलं, "मी इंग्लंडची राणी होणार." मंडळाच्या अध्यक्ष म्हणजे माझ्या वरच्या मजल्यावरच्या वहिनी. त्या एकदम खूश झाल्या. "नाण्यावरची ना? छान! डोक्यावरून पांढरी ओढणी घ्या." म्हटलं, "ती नव्हे. तिच्या कितीतरी आधीची. जिचं डोकं नवऱ्यानंच उडवायला लावलं ती." वहिनींचं पेन कागदावर तसंच राहिलं. मग म्हणाल्या, "अहो, देवीचे दिवस आहेत. काहीतरी शुभ घ्या की."

खरं सांगायचं तर मला शुभाचा कंटाळा आला होता. ठाण्यातल्या मुलींच्या शाळेत मी नोकरीभर इतिहास शिकवला. दर गॅदरिंगला त्याच नऊवाऱ्या आणि त्याच पुठ्ठ्याच्या तलवारी. ही राणी अभ्यासक्रमात कधी नव्हतीच. निवृत्त झाल्यावर डोंबिवलीच्या ह्या दोन खोल्यांत दुपार संपता संपत नाही. अशाच एका दुपारी टीव्हीवर तिच्यावरचा माहितीपट लागला आणि मी जेवणाचं ताट मांडीवर घेऊन तसाच हात वाळवत बसले. मग तिच्याबद्दल मिळेल ते वाचत सुटले. मुलगी पुण्याला नोकरी करते. ती फोनवर विचारायची, "आई, काय करतेयस?" मी म्हणायची, "राणीकडे आहे." तिला वाटायचं, कुणी मैत्रीण झाली असेल. बरंच वाटायचं तिला.

तर कार्यक्रम खाली पार्किंगमध्ये झाला. मी एक जुना मरून शालू झग्यासारखा शिवून घेतला होता, गळ्यात स्टेशनजवळच्या दुकानातले खोटे मोती. प्रत्येकीला पाच मिनिटं. मी सांगितली ती गोष्ट अशी.

इंग्लंडचा राजा, लग्न झालेला, एका मुलीचा बाप. पहिली राणी परदेशातून आलेली, त्याच्याहून थोडी मोठी, देवधर्म करणारी. तिच्या दिमतीला ज्या मुली होत्या त्यांतली ही एक. फ्रान्समध्ये वाढलेली, काळ्याभोर डोळ्यांची, फार देखणी नव्हे पण जिभेनं तिखट. राजा मागे लागला तर म्हणाली, लग्न करणार असाल तर बोला. राजानं वर्षानुवर्षं वाट पाहिली, धर्मगुरूंशी भांडण काढलं, त्यापायी अख्ख्या देशाचा धर्म फिरवला. पहिलीला लांबच्या एका ओलसर गढीत पाठवून दिलं आणि हिला मुकुट घातला. महालाच्या छतावर दोघांची आद्याक्षरं एकमेकांत गुंफून कोरून घेतली. तिला मुलगी झाली, मुलगा झाला नाही. मग राजाचं लक्ष हिच्या दिमतीतल्या एका मुलीकडे गेलं. हिच्यावर पाच पुरुषांचा आळ घेतला, त्यात तिचा सख्खा भाऊ. मुकुट घालायच्या आधी ज्या खोल्यांत तिला थाटात ठेवलं होतं त्याच खोल्यांत कैदी म्हणून ठेवलं. राजानं मेहेरबानी केली ती एवढीच, की कुऱ्हाडीऐवजी फ्रान्सहून तलवार चालवणारा माणूस मागवला. तिनं आपल्या गळ्याला हात लावून पाहिला, मान बारीकच आहे म्हणाली आणि हसली. शवपेटीची आठवण कुणाला राहिली नव्हती, बाण ठेवायच्या पेटीत घालून तिला पुरलं. दुसऱ्या दिवशी राजाचा साखरपुडा झाला. सुतार शिड्या लावून छतावरचं तिचं अक्षर तासून काढायला लागले.

टाळ्या बऱ्या पडल्या. मी माईक खाली ठेवणार तेवढ्यात पहिल्या रांगेतून तळमजल्यावरच्या काकू बोलल्या. काकू ऐंशीच्या पुढच्या आहेत आणि मनातलं मनात ठेवायची सवय त्यांना लहानपणीही नसावी. "पण हिनं तरी काय वेगळं केलं होतं हो? पहिलीचा संसार मोडूनच आली ना?"

मी कोण आहे ते सोसायटीत सगळ्यांना माहीत आहे. कुणीतरी उगाच माईकची वायर सारखी करायला लागलं. मी म्हटलं, "मोडलेलाच होता काकू," आणि खाली उतरले. तेव्हा मी राणीबद्दल बोलत नव्हते. इतिहासाची शिक्षिका म्हणून सांगते, राणीच्या बाबतीत काकूंचं खरं होतं.

शेवटी प्रत्येक थोर स्त्रीची ओटी भरली. माझ्या हातात स्टीलचा डबा दिला. "मनात काही आणू नका हं," असं वहिनी म्हणाल्या, म्हणजे त्यांच्या मनात होतं. घटस्फोट झालेलीची ओटी भरत नाहीत हे मलाही ठाऊक आहे. डबा चांगला जाड आहे, मी त्यात तूरडाळ ठेवते.

मी दुसरी. माझं लग्न पस्तिशी उलटल्यावर झालं. आईवडील गेलेले, शाळेतली नोकरी, आणि 'हिचं आता काय जमणार' असं म्हणून दमलेले नातेवाईक. त्याचा घटस्फोट होऊन दोन वर्षं झाली होती. वागळे इस्टेटमध्ये स्प्रिंगा बनवायचं छोटं वर्कशॉप, टेंभी नाक्याच्या मागच्या गल्लीत आईबरोबर राहायचा. स्थळ मध्यस्थामार्फत आलं. त्याआधी मी त्याला रस्त्यात ओलांडूनसुद्धा गेले नव्हते. पण लोकांना गोष्टीत आधी काय नि नंतर काय हे लागत नाही. पहिली बिचारी, म्हणून दुसरी वाईट. लग्नानंतर पहिल्याच हळदीकुंकवाला दोघीतिघींनी मला असं न्याहाळलं, जशी मी कुणाची तरी बॅग घेऊन घरात घुसलेय. मी पण फटकळच. म्हटलं, "मागच्या दारानं नाही आले, वाजतगाजत आलेय." सासूबाईंनी मला आत नेलं.

मुलगी झाली तेव्हा बारशाच्या तयारीत सासूबाईंना कुंची आठवली. पहिलीची एक मुलगी होती, आईबरोबर कल्याणला राहायची. तिच्या बारशाला घातलेली हिरव्या मखमलीची, जरीच्या काठाची कुंची. "आपल्या घरातल्या लेकराच्या डोक्यावरची आहे, आपल्या घरात यायला हवी," असं म्हणून त्यांनी माझ्या धाकट्या दिराला कल्याणला पाठवलं. तो हात हलवत परत आला. पहिलीनं त्याला दारातच सांगितलं होतं, "ती माझ्या आईनं शिवलीय. तुमच्या घराची नव्हे." मी खाटेवर पडले होते, कानाला फडकं बांधून, आणि मला असा राग आला की सांगता सोय नाही. एका कापडासाठी माझ्या तान्ह्या पोरीला नाही म्हणाली!

आणि इतक्या वर्षांनी राणीचं वाचताना काय पुढे यावं? ह्या दुसऱ्या राणीचे दिवस भरत आले तेव्हा पहिलीकडे निरोप गेला होता, तुझ्याकडचं बारशाचं भारी वस्त्र पाठवून दे. पहिलीनं ते माहेराहून आणलं होतं. तिनं साफ नकार दिला. मी पुस्तक पालथं घातलं आणि चहा ठेवायला उठले. बऱ्याच वेळानं लक्षात आलं की गॅस पेटवलाच नाही. पहिली मला तोवर कधी माणूस म्हणून दिसली नव्हती. त्या दिवशी दिसली, दारात उभी, आईनं शिवलेली एक वस्तू वाचवत.

मुलगी नऊ वर्षांची असताना तो आम्हाला सोडून गेला. राजासारखं त्याला मुलगाच हवा होता असं काही नाही. त्याला नव्यानं कौतुक करणारं कुणीतरी हवं होतं आणि मी तेव्हा वह्या तपासत बसलेली असायची. तिसरी त्याच्या वर्कशॉपसमोरच्या ऑफिसात होती. घर सासूबाईंच्या नावावर, म्हणून मी मुलीला घेऊन डोंबिवलीला आले. पहिलीच्या वेळी म्हणे तिच्याकडे महिनाभर माणसांची रीघ होती. माझ्याकडे कुणी फिरकलं नाही. शिक्षकांच्या खोलीत बायका गप्प व्हायच्या. माझ्या सख्ख्या मावशीनं फोनवर विचारलं, "आता कळलं का त्या पहिलीला कसं वाटलं असेल?" मी फोन ठेवला. रडायला मला कुणीच मिळालं नाही, हे मी आजही विसरलेले नाही आणि विसरणारही नाही.

काकूंच्या त्या प्रश्नानंतर मला झोप लागेना. आणि मग एकदम वाटलं, जगात एकच बाई आहे जिला मला काही समजावून सांगावं लागणार नाही. जेवताना भाजी आवडली नाही की त्याचं एक शब्द न बोलता ताट पुढे सरकवणं. आठ आठ दिवस अबोला, आणि मग काही झालंच नाही अशा आवाजात "चहा आहे का?" हे माझ्याशिवाय फक्त तिला माहीत आहे. माफी मागायची नव्हती, मी तिचं काही घेतलं नव्हतं. मला तिच्याजवळ नुसतं बसायचं होतं. एका माणसाला तरी मी न सांगता कळावी, एवढंच हवं होतं.

पत्ता मला पाठ होता. टेंभी नाक्याच्या घरी कितीतरी वर्षं तिच्या नावाचं टपाल यायचं आणि सासूबाई त्यावर कल्याणचा, पारनाक्याजवळचा पत्ता लिहून पुढे पाठवायच्या. अडचण निघाली वेगळीच. रिकाम्या हातानं जायचं नाही, मग न्यायचं काय? नवरात्र होतं, म्हणून हात सवयीनं खण-नारळाकडे गेला. दुकानात उभी राहूनच मला हसू फुटलं. पहिलीची ओटी दुसरीनं भरायची, ती कुणाच्या नावानं? त्याच्या? पेढे न्यावेत तर ती विचारणार, कसली आनंदाची बातमी. फळं नेली तर वाटणार, आजारी समजून आली. एकदा तर मी कल्याणपर्यंत गेले, तिच्या गल्लीच्या तोंडाशी कोथिंबीर घेतली आणि परत फिरले. दसरा उलटून गेला. शेवटी बाकरवडीचा पुडा घेतला आणि मनाशी म्हटलं, आता फिरलीस तर आयुष्यभर कोथिंबीरच घे.

दार तिनंच उघडलं. माझ्याहून पाचसहा वर्षांनी मोठी असावी. पांढरे केस, गाउनवर ओढणी, हात ओले. मी माझं नाव सांगितलं, तिला ओळख पटली नाही. आडनाव माहेरचं, त्याचाही उपयोग नव्हता. शेवटी म्हटलं, "मी... तुमच्यानंतरची."

तिनं ओढणीला हात पुसले. "असं होय," म्हणाली. "या. चपला आत घ्या, बाहेर ठेवल्या तर कुत्री नेतात."

परातीत पाणी घालून मोड आलेले वाल ठेवले होते. ती पुन्हा सोलायला बसली. मी थोडा वेळ खुर्चीत बसले, मग खाली सरकून मीही सोलायला लागले. तिनं नको म्हटलं नाही.

"मुलगी काय करते तुमची?"

"पुण्याला असते. नोकरी."

"माझी इथेच. संध्याकाळी येते."

वालाची सालं एका बाजूला, डाळिंब्या एका बाजूला. मग मी विचारलं, "तुमच्याशी पण अबोला धरायचे?"

तिनं मान वर केली नाही. "धरायचे की."

"आणि ताट?"

"सरकवायचे." तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. "एकदा मी परत त्यांच्याकडे सरकवलं. पंधरा दिवस बोलले नाहीत."

मी हसले. ती पण हसली, थोडीशी. आणि मग मी जी सुटले! अबोला, सासूबाई, वर्कशॉप, तिसरी, मावशीचा फोन, सगळं. परातीतले वाल संपले तरी माझं संपेना. तिनं पाणी ओतून टाकलं, चहा केला, माझ्यासमोर ठेवला. ती ऐकत होती. मला वाटलं, मिळालं. इतकी वर्षं उगाच काढली, इथे बसायचं होतं फक्त. मी मनात पुढच्या शनिवारी यायचं ठरवूनसुद्धा टाकलं.

निघताना ती दारापर्यंत आली. सोललेल्या डाळिंब्यांतल्या अर्ध्या तिनं पिशवीत भरून माझ्या हातात दिल्या. "तुम्हीच सोलल्यात," म्हणाली. मग म्हणाली, "एक बोलू? राग मानू नका."

"नाही हो, बोला ना."

"परत येऊ नका."

मला वाटलं, नीट ऐकलं नाही. ती माझ्याकडे सरळ बघत होती. चेहरा कठोर नव्हता. "तुमच्यावर राग नाही माझा. तेव्हाही नव्हता. तुम्ही नसता तर दुसरी कुणी आली असती. पण तो माणूस ह्या घरातून जायला मला फार वर्षं लागली. आज तुम्ही बसलात तेवढा वेळ तोही बसला होता."

मी म्हटलं, "नाही येणार." दुसरं काय बोलणार? चपला तिनं आतून आणून माझ्यासमोर ठेवल्या, ते मला फार लागलं. बसमध्ये पिशवी मांडीवर घेऊन बसले. घरी उसळ केली, ती एकटीला संपेना, दुसऱ्या दिवशीही तीच खाल्ली.

मी शब्द पाळला. रागही आला होता, खोटं कशाला बोलू. आठवडाभर मी तिच्याशी मनात भांडत होते. पण मग राग ओसरला आणि एवढं राहिलं, की कल्याणला ती आहे. रस्त्यात कल्याणची पाटी लावलेली बस दिसली तरी मला बरं वाटायचं. जायचं नव्हतं, पण जायची जागा होती. दोन वर्षं अशी गेली.

ह्या श्रावणात मुलीचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "आई, अगं ताईची आई गेली. मागच्या आठवड्यात."

"कोण ताई?"

"ताई गं. कल्याणची."

मला कळायला वेळ लागला. दोघी बहिणींनी एकमेकींना केव्हाच शोधून काढलं होतं, कॉलेजात असल्यापासून बोलतायत म्हणे. मी म्हटलं, "तू गेली होतीस?"

"गेलेले ना. रात्रीच परत निघाले. ताईला खूप जड गेलंय गं."

"इथे नाही आलीस."

"वेळच नव्हता आई. आणि तुला उगाच कशाला त्रास द्यायचा, तुझा काय संबंध."

मी म्हटलं, "खरंय. ताईकडे लक्ष ठेव." फोन ठेवला. माझ्या मुलीला त्या घरात जायची मुभा होती, तिथे बसायची, रडायची. बरंच झालं म्हणायचं. मला रडू आलं ते त्याचंही होतं.

पार्किंगमधल्या त्या कार्यक्रमात मी एक भाग गाळला होता, पाच मिनिटांत बसेना म्हणून. पहिली राणी त्या ओलसर गढीत मेली तेव्हा राजा पिवळेधमक कपडे घालून नाचला. दुसरीनंही आनंद केला. पण मी वाचलंय की नंतर ती एकटीच खोलीत जाऊन रडली. पहिली जिवंत होती तोवर हिला टाकणं राजाच्या सोयीचं नव्हतं, लोक म्हणाले असते, मग परत पहिलीकडे जा. ती गेली आणि ही उघडी पडली. मी ते राजकारण म्हणून वाचलं होतं, वहीत तसं लिहूनही ठेवलं होतं. माझ्या बाबतीत तर भीती घालायला राजाही शिल्लक नव्हता. तरी त्या दुपारी मला इतकं एकटं वाटलं, जितकं तो गेला तेव्हाही वाटलं नव्हतं.

भेटायला जावं तर शब्द दिला होता. आणि गेले असते तरी त्या खोलीत कोण म्हणून बसले असते? तिच्या मुलीनं मला कधी पाहिलेलंही नव्हतं. डोक्यावरून अंघोळ करावी असं फार वाटलं, घरातलं माणूस गेल्याचं कळल्यावर करतात तशी. पण ती माझी कोण होती? वहिनी, जाऊ, नणंद, काहीच नाही. सवत म्हणावं तर आमचा नवराही एकाच वेळी नव्हता आणि आता तर दोघींपैकी कुणाचाच नव्हता. मी न्हाणीघराच्या दाराशी उभी राहिले आणि तोंडावर पाणी मारून बाहेर आले.

तेवढ्यात वरच्या वहिनींचा इंटरकॉम वाजला. त्यांच्याकडे संध्याकाळी सत्यनारायण होता. "अहो, माझा हात मोडून आलाय. प्रसादाचा शिरा तुम्ही कराल का? तुमच्या हातचा छान होतो." मी हो म्हणायच्या आत त्या जरा घुटमळल्या. "विचारायचं म्हणून विचारते हं, प्रसादाचं आहे ना. तुम्हाला सुतकबितक काही नाही ना?"

"नाही वहिनी," मी म्हटलं. "माझं कुणी गेलेलं नाही."

मग धुतलेली साडी नेसले आणि वर जाऊन शिरा केला.